यादीत न उतरणारा तपशील

तुळशीचे लग्न आटोपले की धाराशिव जिल्ह्यात गावोगाव सोयरिकीच्या बैठका सुरू होतात. सुपारी फुटते, याद लिहिली जाते. वधूच्या अंगावर किती तोळे, वराला पोशाख कोणता, मानपान कोणाकोणाचे, मांडव कोणाच्या दारी, हे सर्व वडीलधाऱ्या मंडळींसमक्ष कागदावर उतरते व दोन्हीकडील कारभारी त्याखाली सह्या करतात. तपशिलाच्या बाबतीत इतकी दक्ष असलेली ही याद एका बाबीविषयी मात्र मौन पाळते. वधूवरांचे वय किती आणि ते कशावरून, हा प्रश्न बैठकीत सहसा निघत नाही. निघालाच तर ‘पोरगी अंगाने थोराड आहे’ एवढ्या उत्तराने मिटतो.

कायद्याच्या दृष्टीने विवाहपूर्व सोपस्कारांचा प्रारंभ नेमका या प्रश्नापासून होतो. हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा १९२९ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. हा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्याचा अंमल येथे पोहोचला नव्हता. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने मुलीचे किमान वय १८ आणि मुलाचे २१ ठरले. १ नोव्हेंबर २००७ पासून अमलात आलेल्या बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ ने तीच वये कायम ठेवून शिक्षा वाढविली. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. लग्न लावणारा पुरोहित वा काझी, ते ठरविणारे मध्यस्थ, होऊ देणारे आईबाप आणि जाणूनबुजून अक्षता टाकावयास आलेले पाहुणे, हे सारेच त्याच्या कक्षेत येतात. स्त्रियांना कारावासाची शिक्षा देता येत नाही, एवढा अपवाद आहे. ‘अठरा पुरी व्हायला दोनच महिने राहिलेत’ या सबबीला कायद्यात जागा नाही.

वय सिद्ध कशाने करावयाचे? मराठवाड्याच्या जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे विपुल आहेत. जूनमध्ये शाळा उघडे, बाप मुलाला हाताशी धरून येई, गुरुजी उंचीवरून वर्षाचा अंदाज बांधीत आणि तारखेच्या रकान्यात १ जून लिहून मोकळे होत. या सभेतही अशी काही मंडळी बसलेली असतील. त्या सवयीची गंमत वाटते, परंतु विवाहाच्या वयाचा निर्णय असल्या अंदाजावर सोडता येत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांसाठी विवाह नोंदणीच्या वेळी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा राहील. आज बोहल्यावर चढणाऱ्यांचा जन्म त्यापूर्वीचा आहे. त्यांच्यासाठीही जन्मदाखला सर्वांत भक्कम. तो नसल्यास शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला पाहावा. आधार कार्ड जन्मतारखेचा पुरावा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. जन्माची नोंदच राहून गेली असेल, तर विलंबित नोंदणीस वेळ लागतो. म्हणून ही कागदपत्रे याद लिहिण्यापूर्वी हाती असावीत, पत्रिका छापल्यानंतर नव्हे.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावांत, विशेषतः कळंब, वाशी, भूम आणि परंडा या तालुक्यांत, हा प्रश्न केवळ अज्ञानाचा नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून मिळणारी उचल कोयत्यावर ठरते. एकटा तरुण अर्धा कोयता मानला जातो. त्यामुळे हंगामापूर्वी मुलाचे लग्न उरकावे, असा हिशेब घरात मांडला जातो. दुसरीकडे सहा महिने घराबाहेर राहणाऱ्या आईबापांना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही खरी धास्ती असते. या धास्तीला कायद्याच्या कलमाने उत्तर मिळत नाही. मुलगी गावात सुरक्षित राहील आणि तिची शाळा चालू राहील अशी सोय त्यासाठी लागते. हंगामी वसतिगृहाची योजना याचसाठी आहे. टोळी गावातून हलण्याआधी ते सुरू झाले तरच तिचा उपयोग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. पाचांत एकीहून अधिक, असा त्याचा अर्थ.

अशा विवाहाचा परिणाम पुष्कळदा वर्षभराने उघड होतो. सोळा वर्षांची मुलगी प्रसूतीसाठी रुग्णालयात येते, नोंदवहीत वय लिहिले जाते आणि कायद्याने बांधलेल्या डॉक्टरांना पोलिसांस कळवावे लागते. अठरा वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी दिला आहे. मग नवरा कोठडीत, सासू-सासरे व आईबाप आरोपी, आणि ओली बाळंतीण दोन घरांच्या मध्ये उभी, असे दृश्य दिसते. बैठकीत न विचारलेल्या एका प्रश्नाची ही किंमत तिने मोजावयाची असते.

ग्रामीण भागात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असून अंगणवाडी सेविका त्यांच्या साहाय्यक आहेत. गावातच राहून गावाचे लग्न थांबविणे किती अवघड असते, हे त्यांना सांगावयास नको. म्हणूनच कुणकुण लागताच पालकांना घरी जाऊन समजाविणे आणि तेवढ्याने न भागल्यास प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळविणे, हा मार्ग मांडवात पोलीस नेण्यापेक्षा बरा. तो हुकूम मोडून लावलेले लग्न प्रारंभापासूनच रद्दबातल ठरते. अन्य बालविवाह आपोआप रद्द होत नाहीत; अल्पवयात विवाह झालेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तो रद्द करून घेता येतो. सलग गैरहजर राहू लागलेल्या नववी-दहावीच्या मुलीची वार्ता सर्वप्रथम वर्गशिक्षकाला लागते. १०९८ हा क्रमांक त्याच्यासाठीही आहे.

वयाचा प्रश्न सुटला की उरलेले सोपस्कार सोपे आहेत. विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये विवाह करावयाचा असेल, तर दोघांपैकी एकाचे किमान ३० दिवस वास्तव्य असलेल्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. नोटिशीनंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास ती नव्याने द्यावी लागते. मुहूर्त काढून मग कचेरीत येणाऱ्यांची निराशा होते ती येथेच.

धार्मिक विधीने होणाऱ्या विवाहाची नोंदणी १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार ९० दिवसांच्या आत, तीन साक्षीदारांसह, करावयाची असते. विधी लावणाऱ्याची सहीही अर्जावर लागते. ती त्याच दिवशी घेऊन ठेवावी, पुढे पुरोहित शोधत हिंडावे लागते. दाखला मिळाला म्हणजे विवाह झाला, असेही नाही. विधीच झाला नसेल तर केवळ नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे.

शेवटी पुन्हा यादीकडे. हुंडा मागणे, देणे आणि घेणे हे १९६१ पासून गुन्हे आहेत. तथापि न मागता स्वखुशीने दिलेल्या भेटींची यादी ठेवावी, असे १९८५ चे नियमच सांगतात. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून वधू आणि वर दोघांनी तीवर सही करावयाची आणि वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आपल्याजवळ ठेवावयाची. कारभाऱ्यांच्या सह्यांची प्रथा तर गावाला आहेच. त्याच कागदावर आरंभी दोन जन्मतारखा आणि दाखल्यांचे क्रमांक लिहावयास दोन ओळी पुरतात.