दुष्काळ आणि टंचाई

(सोनगीर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



इंग्रजीत ‘फॅमिन’ आणि ‘स्केअर्सिटी’ असे दोन शब्द आहेत. दोघांचा वावर शेजारी-शेजारी, पण कूळ वेगळे. ‘फॅमिन’ हा लॅटिनमधील भुकेच्या शब्दापासून निघाला. ‘स्केअर्सिटी’ वेचून काढणे या अर्थाच्या क्रियापदापासून. पहिला माणसाची अवस्था सांगतो, दुसरा वस्तूचे परिमाण. रॉकेलची, सिमेंटची, फार काय हिऱ्यांचीही ‘स्केअर्सिटी’ असू शकते. अर्थशास्त्राला हा दुसरा शब्द विशेष प्रिय. लायोनेल रॉबिन्स यांनी 1932 साली या शास्त्राची केलेली व्याख्याच साधनांच्या दुर्मिळतेवर उभी आहे.

हा भेद शब्दकोशापुरता राहिला असता, तर त्यात कार्यकर्त्यांचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. परंतु 1963 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक कायदा करून राज्यातील सर्व कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला व त्या जागी ‘स्केअर्सिटी’ बसवला. कारण असे दिले की, शासन शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवते आणि चिन्हे दिसताच उपाय योजते. सबब आता दुष्काळाला वावच नाही! दुष्काळ हटविण्याचा इतका स्वस्त मार्ग ब्रिटिशांनाही सुचला नव्हता. त्यांनी 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर निदान दुष्काळाची संहिता तयार केली.

नऊ वर्षांनी, 1972 साली, पाऊस दगा देऊन गेला. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे खडी फोडत होती, पाझर तलावांची माती वाहत होती, मिलो आणि सुकडी खात होती. सरकारी कागदांत ती ‘टंचाई’ होती. खानदेशात, मराठवाड्यात कोणी आपल्या नातवंडांना ‘बहात्तरची टंचाई’ सांगत नाही.

ती कामे मोठ्या प्रमाणावर निघाली व असंख्य जीव वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती निघावीत म्हणून ठिकठिकाणी मोर्चे काढावे लागले, हेही तितकेच खरे.

अमर्त्य सेन यांनी 1981 साली आपल्या ग्रंथात या दोन शब्दांमधील गाठ सोडवून दाखविली. धान्य कमी असणे वेगळे आणि माणसाला ते मिळवता न येणे वेगळे. 1943 साली बंगालमध्ये शेतमजूर आणि मच्छीमार मेले, ते केवळ धान्य नव्हते म्हणून नव्हे. त्यांच्या श्रमाच्या मोबदल्यात मिळणारे धान्य आटले म्हणून.

सोनगीरमध्ये हे समजावयास ग्रंथाचीही गरज नाही. हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. तांबटाचे पीक बुडत नाही, कारण त्याच्याजवळ शेतच नसते. पण पंचक्रोशीतील शेतकऱ्याचे पीक बुडाले की लग्ने पुढे ढकलली जातात, नवा हंडा कोणी घेत नाही, उलट घरातील जुनी भांडी मोडीत निघतात. बाजारात ज्वारी असते. तांबटाच्या हातात ती घेण्यापुरते पैसे नसतात. टंचाई मोजणारी पैसेवारी मात्र पिकाची. अनेक दशके पन्नास पैशांच्या रेषेवर गावांचे भवितव्य ठरत आले, आणि त्या रेषेत ऐरण-हातोड्याची गणती कधीच नव्हती.

रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला, त्याचे मोल येथे आहे. काम मागणाऱ्याने आधी दुष्काळ सिद्ध करावा, ही अट त्याने काढून टाकली. तरीही 2015 साली ‘दुष्काळसदृश’ असा तिसरा शब्द सरकारी कागदांत दिसलाच. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर 2016 च्या मे महिन्यात तो बदलावा लागला. म्हणून ग्रामसभेत ठराव मांडताना किती पाऊस पडला, किती पीक आले, एवढेच लिहून थांबू नये. कोणाच्या हातचे काम गेले, कोणी भांडी वा जनावरे विकली, कोण गाव सोडून गेले, हे घरटी लिहावे.