पडद्यावरील देवनागरी अक्षर

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हें गांव लागतें. नृसिंहाचें देवस्थान म्हणून त्याची ख्याति असून तेथील स्थानकाचें नांवहि ‘पोखर्णी नृसिंह’ असेंच आहे. अक्षर घडविणाऱ्यास हीं दोन पदें म्हणजे एक अवघड परीक्षाच होय. ‘र्णी’च्या डोक्यावर रफार आणि दीर्घ वेलांटी एकत्र येतात, ‘नृ’च्या पायाशीं ऋकार लोंबतो, ‘सिं’च्या माथ्यावर ऱ्हस्व वेलांटी असून तिच्या शेजारीं अनुस्वारास जागा हवी असते. ज्या टंकांत हें नांव स्वच्छ उतरतें, तो टंक मराठीच्या बहुतेक गरजांस पुरून उरतो.

हा पेंच छापखान्यांस जुनाच ठाऊक होता. जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं मुंबईस खिळे पाडण्याचा कारखाना व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्या छापखान्याचें वळण मराठी वाचकाच्या डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलें. परंतु देवनागरीस खिळे शेंकडोंनीं लागत. त्यांची संख्या घटविण्याचा खटाटोप खुद्द लोकमान्य टिळकांनीं केला होता. संगणकांत खिळा नाहींसा झाला. त्याची अडचण मात्र रूप पालटून राहिली.

आरंभीच्या संकेतस्थळांवर प्रत्येक टंकाचे संकेत निराळे असत. तोच टंक वाचकाच्या यंत्रांत नसला, कीं मजकुराच्या जागीं निरर्थक चिन्हांची रांग दिसे. १९९१ सालच्या युनिकोडांत देवनागरीस निश्चित संकेत मिळाले. पुढें विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनीं घडविलेला ‘मंगल’ टंक घरोघर पोंचला. जिकडे तिकडे तोच दिसूं लागल्यानें कित्येकांस त्याचा कंटाळा आला, पण तो दोष टंकाचा म्हणतां येणार नाहीं. पर्यायच थोडे होते. पृष्ठानें आपला टंक स्वतःबरोबर वाहून आणावा, ही सोय रूढ झाल्यावर चित्र पालटलें. वॉफ या त्यासाठींच्या बांधणीस २०१२ सालीं जागतिक मान्यता मिळाली. आज मुंबईच्या ‘एक टाईप’ संस्थेचा ‘मुक्त’ हा टंक सात जाडींमध्यें कोणासहि विनामूल्य घेतां येतो.

विपुलता आली, तशी फॅशनहि आली. मथळ्याच्या अक्षरांत ऐसपैस अंतर सोडण्याची इंग्रजी पृष्ठांवरील रीति मराठीवर लादली, कीं शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळी एकमेकींस खेटून बसविण्याची टूम त्याहून घातक आहे. रोमन अक्षरास वर-खालीं जेवढी जागा पुरते तेवढीच देवनागरीस दिली, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो, किंवा माथ्यावरील चिन्हें कापलीं जातात. मग ‘पोखर्णी’ची ‘पोखणी’ होते आणि ‘कर्ज’ हें ‘कज’ होऊन बसतें. हातांतील फोनवर, भर उन्हांत, पीककर्जाचा अर्ज वाचणाऱ्या शेतकऱ्यास ही केवळ सौंदर्याची बाब राहत नाहीं. केसासारख्या बारीक, करड्या रंगाच्या अक्षरांची हौसहि अशा वाचकास महाग पडते.

मराठीचे कांहीं हट्टहि आहेत, व ते रास्त आहेत. मराठीचा ‘ल’ पाकळ्यांचा, ‘श’ देठाचा. हिंदींत त्यांचीं वळणें निराळीं. युनिकोडांत मात्र दोहोंस एकच संकेत आहे. पृष्ठाची भाषा मराठी असल्याची खूण रचनाकारानें घातली आणि टंकांत तशी तजवीज असली, तरच मराठी वळण दिसतें. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं वर्णमालेचें प्रमाण ठरविलें व २०२२ सालीं त्याविषयीं पुन्हां निर्णय काढला, तरी पुष्कळ पृष्ठांवर ही खूणच नसते. ‘टिरो देवनागरी मराठी’ या टंकानें मराठी वळणें मुळांतच ठेवून ही अडचण सोडविली आहे.

अर्धचंद्रासारख्या ‘र’ची गोष्ट याहून नाजुक. ‘आचार्यांना’ बोलावणें धाडलें तर विद्वान येतील. ‘आचाऱ्यांना’ धाडलें तर स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. ज्या टंकांत हा भेद नीट साधत नाहीं, तो कितीहि देखणा असला तरी मराठीच्या कामाचा नव्हे.

जोडाक्षरांमुळें देवनागरी टंकाचा भार मोठा असतो, व मंद जोडणीवर पृष्ठ उघडण्यास वेळ लागतो. २०१६ सालापासून एकाच धारिकेंत अनेक जाडी सांठविणारे परिवर्तनशील टंक आले, त्यांनीं हा भार कांहीं अंशीं हलका केला. कांहीं रचनाकार टंकांतील ‘अनावश्यक’ चिन्हेंच छाटतात. छाटणाऱ्यास मराठी येत नसेल, तर पहिली कुऱ्हाड नेमकी त्या अर्धचंद्री ‘र’वर पडते, आणि ‘शेतकऱ्यांसाठीं’ या एका शब्दांत दोन टंकांचीं अक्षरें शेजारीं शेजारीं येऊन बसतात.