नाडीचे गणित
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



2021 च्या साथीत घरोघरी ऑक्सिमीटर आले. आमच्या अब्बांच्या बोटाला तो लावला आणि नाडीचा आकडा एकाएकी सव्वाशेवर गेला. घरात घबराट उडाली. अम्मीने शांतपणे मनगट धरले, घड्याळाकडे पाहत ठोके मोजले व म्हणाली, "ऐंशीसुद्धा नाहीत. हात थरथरतोय त्यांचा." अम्मीचेच बरोबर होते. मग यंत्र का चुकले? या प्रश्नाने मला, कला शाखेच्या पदवीधराला, पुन्हा गणिताकडे नेले.

हे यंत्र बोटातून प्रकाश सोडते. प्रत्येक ठोक्याला बोटातील रक्त किंचित वाढते, ते अधिक प्रकाश शोषते व पलीकडे प्रकाश कमी पोचतो. हा प्रकाश सेकंदाला समजा 100 वेळा मोजला जातो. पण श्वासाने आणि हालचालीनेही तो बदलतो. मग खरा ठोका निवडायचा कसा? यासाठी अनेक रीती आहेत. त्यांतील एक सोपी रीत सांगतो.

प्रथम, मागील 100 मापांची सरासरी प्रत्येक मापातून वजा करायची, म्हणजे सावकाश होणारे बदल निघून जातात. त्यासाठी दरवेळी 100 आकडे मिळवावे लागत नाहीत. जुन्या बेरजेत नवा आकडा मिळवायचा, सर्वांत जुना वजा करायचा. दुकानदार रोजची शिल्लक वहीच्या पहिल्या पानापासून काढतो का? लहानशा बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला ही काटकसर उपयोगी पडते.

दुसरे, अलीकडच्या लाटांच्या निम्म्या उंचीलाही न पोचणारी लाट सोडून द्यायची. तिसरे, एक ठोका मिळाल्यावर 0.3 सेकंद दुसरा मोजायचा नाही, कारण मुख्य लाटेमागून एक धाकटी लाट येत असते.

तरीही हात हलला की खोटा ठोका शिरतो. समजा, ठोक्यांमधली अंतरे 79, 40, 40, 81, 80 मापांची आली. सरासरी 64, म्हणजे मिनिटाला सुमारे 94 ठोके. मध्यक मात्र 79, म्हणजे 76 ठोके! शाळेत शिकलेला मध्यक येथे खोटे बाजूला सारतो.

पण सावध राहा. हाच मध्यक एखादा खरा अनियमित ठोकाही झाकून टाकू शकतो, आणि कधी तोच आजार असतो. म्हणून यंत्राचा आकडा हा डॉक्टरांचा निर्णय नव्हे.

इब्न सिनांनी आपल्या 'अल-कानून' ग्रंथात नाडीचे सविस्तर विवेचन केले. 1242 मध्ये इब्न-अल-नफीस यांनी हृदयाच्या उजव्या भागातून रक्त फुप्फुसांमार्गे डाव्या भागात येते, हे लिहिले. त्यांचा नुसता अभिमान पुरेसा नाही. पालकांनो, "मुलीला गणित कशाला?" असे म्हणू नका. बोटे अम्मीची असोत वा यंत्राचा प्रकाश असो, मोजणे आणि पारखणे आपल्या लेकरांना आले पाहिजे. इन्शाअल्लाह ते येईल.