बंड्याने लावलेली शिस्त
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)

मी बी विंगमधली. बरेचजण मला ‘बंड्याची आई’ म्हणूनच ओळखतात. आणि बंड्याला तर सगळेच ओळखता, कारण एकेकाळी त्याचं रडणं तिसऱ्या मजल्यावरून थेट गेटपर्यंत ऐकू यायचं.

चार वर्षांपूर्वी रस्त्यावरचं हे पिल्लू आम्ही घरी आणलं. आम्ही ऑफिसला निघालो की ते भुंकायचं, दार ओरबाडायचं. शेजारच्या काकांची नुकतीच बायपास झालेली. त्यांना दुपारची झोप मिळेना. त्यांनी कमिटीकडे अर्ज दिला. तो अर्ज बरोबरच होता. ‘याला कुठेतरी देऊन टाकू,’ असं हे म्हणाले, आणि मुलगी त्या रात्री जेवली नाही.

पशुवैद्य म्हणाले, ‘हा खोडकर नाही, घाबरलेला आहे. मारू नका, ओरडू नका. शिक्षेने भीती वाढते.’ मग आम्ही वेळापत्रक लावलं. फिरणं, खाणं, खेळणं, झोप, सगळं ठरल्या वेळी. पुढे काय होणार हे कळलं की मुक्या जिवालाही धीर येतो. आम्ही किल्ली उचलायचो, चप्पल घालायचो आणि परत सोफ्यावर बसायचो! मग दाराबाहेर अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. तो घाबरायच्या आत परत यायचं. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून. या काळात त्याला जास्त वेळ एकटं ठेवायचं नव्हतं. ए विंगच्या आजींनी रोज दुपारी त्याला सांभाळलं. तक्रार करणाऱ्या काकांनीच वहीत नोंदी ठेवल्या: ‘आज दहा मिनिटं’, ‘आज चार’. तीन महिन्यांनी वहीचं पान कोरं राहिलं. ती वही आजही आमच्या कपाटात आहे.

फटाक्यांचं मात्र अवघड. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. दिवाळीच्या दोन महिने आधीपासून आम्ही मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावतो आणि पनीरचा तुकडा देतो. तो निवांत राहिला तरच आवाज थोडा वाढवायचा. दिवाळीत अंधार पडायच्या आत फिरवून आणतो, खिडक्या बंद करतो, पलंगाखाली त्याची जुनी चादर ठेवतो. तो तिथे गेला तर ओढून काढत नाही, जवळ बसतो. आपल्या मनाने कुठलीही गोळी द्यायची नाही, डॉक्टरांनाच विचारायचं.

खोटं कशाला सांगू, मोठा बॉम्ब वाजला की तो अजूनही थरथरतो. म्हणून बालदोस्तांनो, एकच विनंती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली होती. आपणही तेवढीच वेळ पाळूया, आणि आवाजाचे फटाके नकोच. वेळ ठरलेली असली की बंड्याला आणि झोपलेल्या काकांनाही सांभाळता येतं.

पंचवीस वर्षांत आपण पाणी, पार्किंग सगळं वाटून घेतलं. माझ्या कुत्र्याची भीतीही तुम्ही वाटून घेतलीत. त्याबद्दल मनापासून आभार.