सेवेला निवृत्ती नाही

(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य आज सिद्धीस गेले. अशा मंगल प्रसंगी एका थोर रुग्णसेविकेचे आणि आईचे स्मरण करणे उचित होईल. ती माउली म्हणजे सावित्रीबाई फुले. मुलींच्या शाळेमुळे त्यांचे नाव घरोघर पोहोचले. पण त्यांची रुग्णसेवा आणि त्यांचे आईपण मात्र फारसे सांगितले जात नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी खंडाळा तालुक्यातील नायगावी झाला. ज्या नीरेचे पाणी कालव्याने बारामती-इंदापूरच्या शिवारात येते, त्याच नीरा खोऱ्यातील ही लेक.

१८६३ साली फुले पती-पत्नींनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे तेथे होत. त्या काळी असल्या बाईला सख्खे माहेरही दार उघडत नसे. सावित्रीबाईंनी तिची आणि बाळाची सारी उठाठेव केली. नर्सिंगचे सर्टिफिकेट त्यांच्याजवळ नव्हते, माया होती.

त्याच ठिकाणी काशीबाई नावाच्या विधवेस मुलगा झाला. सावित्रीबाईंना पोटचे मूल नव्हते. त्यांनी तो दत्तक घेतला, यशवंत म्हणून वाढवला आणि शिकवून डॉक्टर केला. १८९० साली जोतीराव वारले, तेव्हा दत्तक मुलाने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवे धरले.

पुढे १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. माणसे घरेदारे टाकून रानात गेली. कोणतीही आई अशा वेळी मुलाला म्हणेल, ‘बाबा, लांबच राहा.’ या आईने मात्र यशवंतला मुद्दाम बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना सुरू केला. सरकारी नोकरीत निवृत्तीचे वय ठरलेले असते. सावित्रीबाईंचे वय त्या वेळी सहासष्ट होते. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील गायकवाडांचा मुलगा प्लेगने आजारी आहे असे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. पुढे १९०५ साली डॉ. यशवंतही प्लेगच्याच साथीत गेले.

मंडळी, तुकोबांची पालखी बारामती, इंदापूरवरून जाते, तेव्हा वारकऱ्यांच्या पायांचे फोड धुऊन पट्टी बांधणाऱ्या नर्सबाई आपण दरवर्षी पाहतो. रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी धावणारी नर्सबाईही आपल्या परिचयाची असते. तिच्या घरीही तान्हे मूल वाट पाहत असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. ती निवृत्त झाली की गाव तिला विसरते. असे होऊ नये. देवळाच्या पायरीवर तिला मानाने बसवावे. तिच्या म्हातारपणाची चौकशी करावी. आज कळस चढला. ही जाण गावाने ठेवली, तर त्याची शोभा वाढेल.

जय हिंद! जय महाराष्ट्र!