एका यंत्रांत दोन कारभारी

खानदेशच्या माणसाला वांटणी हा शब्द कांहीं नवा नाहीं. १९०६ सालीं जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. आमचें रावेर पूर्वेकडे आलें, धुळें हें पश्चिमेचें मुख्य ठाणें झालें. जमीन होती तेथेंच राहिली. दप्तरें तेवढीं निराळीं झालीं. संगणकाच्या डिस्कची वांटणी ही पुष्कळ अंशीं अशीच दप्तराची गोष्ट आहे.

हा विषय आतांच निघण्याचें कारण असें, कीं विंडोज १० ची नेहमींची विनामूल्य देखभाल तिच्या कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि बरींच जुनीं यंत्रें तिच्या कसोटीस उतरत नाहींत. यंत्र धडधाकट आहे, केळीच्या बागेचे हिशेब आणि घरांतल्या लग्नाचीं छायाचित्रें त्यांत आहेत; तें टाकून देणें जिवावर येतें. लिनस टॉर्व्हल्ड्स यांनीं १९९१ सालीं जिचा गाभा रचावयास घेतला, ती लिनक्स प्रणाली फुकट मिळते व जुन्या यंत्रावरहि चालते. मग विंडोज पुसूनच कां टाकूं नये? अडचण बहुधा मराठीची निघते. पुण्याच्या श्रीलिपीसारख्या साधनांनीं पूर्वीं टंकलेला मजकूर पुष्कळदां युनिकोडमध्यें नसतो. तो सुधारावयाचा तर तेंच साधन व तेंच विंडोज हवें. म्हणून दोघांनाहि एका घरांत नांदवावें लागतें.

आतां दप्तर कसें असतें तें पाहूं. जुन्या पद्धतींत डिस्कच्या अगदीं पहिल्या ५१२ बाइटांच्या कप्प्यांत विभागांची नोंद असे. त्यांतील ६४ बाइट या कामीं, प्रत्येक नोंदीस १६; म्हणजे मुख्य विभाग चारच. शिवाय सुमारें २ टेराबाइटांपलीकडची जागा या दप्तरास मोजतां येत नसे. जीपीटी नांवाच्या नव्या पद्धतींत साधारणतः १२८ नोंदी मावतात, आणि दप्तराची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटास ठेवलेली असते. आमच्याकडे सातबाऱ्याची अशी दुसरी प्रत आपोआप निघती, तर कित्येक भाऊबंदांचे खटले वांचते!

नोंद पुसली म्हणून शेत नाहींसें होत नाहीं, हें येथेंहि खरें. हें मी अनुभवानें सांगतों. लिनक्सला विंडोजचीं ‘सी’ आणि ‘डी’ हीं नांवें ठाऊक नसतात. तेथें निराळे क्रमांक दिसतात. मीं दोन विभाग सारख्याच आकाराचे केले होते, आणि घाईंत भलताच पुसला. त्यांत वडिलांच्या शेवटच्या वर्षांतील छायाचित्रें होतीं. सुदैवानें त्यानंतर मीं यंत्रास हात लावला नाहीं. टेस्टडिस्क नांवाच्या फुकट साधनानें हरवलेली हद्द शोधून नोंद पुन्हां लिहिली, आणि छायाचित्रें परत मिळालीं. त्या जागीं नवें कांहीं लिहिलें गेलें असतें, तर तीं गेलींच असतीं. एसएसडी जातीच्या डिस्कमध्यें तर फॉर्मॅट केलेली जागा आंतल्या आंत साफ होऊं शकते. तेथें आशा फार थोडी. तेव्हां विभागांचे आकार मुद्दाम असमान ठेवावे व कागदावर लिहून घ्यावे.

प्रत्यक्ष कामाआधीं सर्व मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकरचें कुलूप असेल तर त्याची परत उघडण्याची किल्ली टिपून ठेवावी. विंडोज आधीं, लिनक्स मागाहून, हा क्रम बरा. कारण विंडोज मागाहून आलें म्हणजे यंत्र सुरू होतांना तें बहुधा स्वतःसच पुढें करतें, उलट लिनक्सचा ग्रब हा द्वारपाल दोघांचींहि नांवें पुढें ठेवूं शकतो. विंडोजचा विभाग आंखडावयाचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. पन्नास-साठ गीगाबाइट मोकळे झाले तरी आरंभास पुरे. हें चालू असतां वीज जाणें घातक. रावेरच्या उन्हाळ्यांत इन्व्हर्टरवांचून या कामास बसूं नये. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी, कारण तिच्यामुळें विंडोज पुरतें झोपत नाहीं, आणि अर्धवट जाग्या असलेल्याच्या खोलींत लिनक्सनें सामान हलविलें तर मजकूर बिघडतो. लिनक्स बसवितांना ‘सर्व डिस्क पुसा’ हा पर्याय समोर येतो, तो टाळून मोकळी जागाच निवडावी.

एवढें साधलें, तरी एक गंमत उरते. लिनक्स यंत्रांतलें घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतें, विंडोज तेंच घड्याळ स्थानिक समजतें. त्यामुळें लिनक्समधून विंडोजमध्यें आल्यावर दुपारीं एक वाजतां पडद्यावर सकाळचे साडेसात दिसूं लागतात. आपल्याकडील साडेपांच तासांचा फरक तो हाच. लिनक्सला स्थानिक वेळ धरावयास सांगणारी एक आज्ञा आहे. ती एकदां दिली म्हणजे दोघांचीं घड्याळें जुळतात.