दमामाला वेदीपाशी जागा हवी

सभेच्या अध्यक्षाने सगळ्यांना बरे वाटेल असे बोलावे, ही रीत आज मोडावी लागेल. ख्रिस्ती उपासनेतल्या संगीताचा विषय निघाला की एक पक्ष कीबोर्डवर आणि इंग्रजी गाण्यांवर तुटून पडतो. दुसरा दमामाचे नाव काढताच नाक मुरडतो. दोघांनीही आपल्याच वाद्यांचा इतिहास पाहिलेला नाही.

दमामच घ्या. उत्तर कन्नडच्या रानातल्या जोयडा, हल्याळ, यल्लापूर इथल्या सिद्दींचे हे तालवाद्य. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून आणले. पोर्तुगीज मालकांच्या तावडीतून निसटलेले कित्येक जण या रानात शिरले. इथल्या मातीचे म्हणून मिरवावे असे हे वाद्य समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी राखले आहे. आणि भजनाची पेटी? तिच्या मूळ हार्मोनियमचे पेटंट अलेक्सांद्र देबॅं यांनी १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. आज पेटीवाचून भजन सुरू होत नाही. गोव्यात क्रुसापुढच्या लदिनीच्या प्रार्थनेला व्हायोलिन वाजते, तेही युरोपातूनच आलेले.

तेव्हा वाद्य कुठून आले, हा प्रश्नच नव्हे. त्याच्या साथीने कोण गातो, हा प्रश्न आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांना हे चारशे वर्षांपूर्वी कळले होते. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेजुइटाने ख्रिस्ताची कथा लॅटिन छंदात बसवली नाही. ज्या ओवीवर इथल्या बायका दळण दळत, तीच त्याने घेतली. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले. मग १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती लग्नघरांतल्या ओव्यांवरच बंदी घातली. परदेशी पाद्र्याने उचलून धरलेला छंद परदेशी सत्तेनेच गुन्हा ठरवला! तरी ‘क्रिस्तपुराण’ हस्तलिखितांतून टिकले आणि १९०७ साली आपल्याच कानडा किनाऱ्यावर, मंगळूरला, पुन्हा छापले गेले.

अहमदनगरकडे नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना त्यांनी तुकोबा दाराबाहेर ठेवला नाही. त्यांची गीते मराठी मंडळ्या आजही गातात, कारण ती गळ्यात बसतात.

कुणी म्हणेल, दमाम पूर्वजांच्या पूजेत वाजतो, तो वेदीपाशी कसा चालेल? ओवी तरी कुठे बाप्तिस्मा घेऊन आली होती? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे, असे त्याच्या ११९व्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. पुढचेच कलम पाइप ऑर्गनचा मान राखते आणि इतर वाद्यांनाही दार उघडते. फक्त ती उपासनेला साजेशी हवीत आणि धर्माधिकाऱ्यांची संमती हवी. आज इन्क्विझिशन नाही, फर्मान नाही. तरीही आपल्या तालाची लाज वाटत असेल, तर ती बंदी आपणच चालवतो आहोत.

येत्या नाताळाच्या आधी पाद्री, गायकवृंद आणि सिद्दी वादकांनी एकत्र बसावे. मिस्सेतले कोणते गीत दमामावर बसते, ते वाजवून पाहावे आणि संमती मागावी. कीबोर्डही राहू द्या. फक्त त्याचा आवाज इतका उतरवा की शेवटच्या बाकावरच्या म्हातारीचे गाणे ऐकू येईल.